पाहुणे येण्याची वाट कशाला?



25 वर्षांत सोसायटीच्या सहली महाबळेश्वरला गेल्या, कोकणात गेल्या. पुणं मात्र आपण पाहुणे आले तरच बघतो!

जंगली महाराज रस्त्यावरून जाणं-येणं रोजचंच. त्याला लागूनच पाताळेश्वर आहे, आठव्या शतकात कातळात कोरलेलं. आत पाऊल टाकलं की हॉर्न मागे पडतात, गारवा जाणवतो, समोर गोल नंदीमंडप दिसतो. मंडईची इमारत 1886 ची. भाजी घेताना एकदा मान वर करून तिचा मनोरा बघा.

वास्तू काही आपल्यासाठी थांबत नाहीत. 1848 मध्ये फुले दांपत्याने ज्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तो 2023 मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. आता नातवंडांना जागा दाखवता येईल, वाडा नाही.

म्हणून मी सुचवतो, महिन्यातला एक रविवार ठरवू. सकाळी सातला गेटपाशी जमायचं. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी रिक्षा करू. कारण जुनं पुणं डोळ्यांनी पाहिलेली माणसं आपल्याच इमारतीत आहेत. ती सांगताहेत तोवर ऐकून घेऊ या.