दोन कवडे, एक राई

धामापूरच्या बचत गटांकडून आज आम्ही आपल्या भागातल्या दोन कवड्यांबद्दल बोलणार आहोत.

पहिला ठिपकेवाला कवडा. त्याच्या मानेवर काळी-पांढरी ठिपक्यांची पट्टी असते. खळ्यात भात वाळत घातलं की सांडलेले दाणे टिपायला तो येतो. त्याला आपण सगळ्या ओळखतो.

दुसरा पाचू कवडा. पंख हिरवेगार, चोच लाल. हा दाट झाडीत राहतो. सावलीतल्या पातेऱ्यात चालत पडलेली फळं आणि बिया शोधतो. चाहूल लागली की खालून भुर्रकन निघून जातो, म्हणून फारसा दिसत नाही.

दोघंही कबुतराच्या कुळातले. दोघंही बहुधा दोनच अंडी घालतात. नर आणि मादी दोघंही घशाच्या थैलीत तयार होणारं दुधासारखं अन्न पिल्लांना भरवतात. फरक आहे तो घराचा.

जगातल्या प्राण्या-पक्ष्यांची 'लाल यादी' असते. तिच्यात दोन्ही कवडे 'कमी चिंतेचे' आहेत. पण ती यादी सगळ्या देशांतले पक्षी धरून केलेली असते, आपल्या वाडीपुरती नाही. राई तुटली तर ठिपकेवाला अंगणात, शेतात जगेल. पाचू कवडा कुठे जाईल?

अमेरिकेत एकेकाळी अब्जावधी प्रवासी कबुतरं होती. बेसुमार शिकार झाली, जंगलं तुटली. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्यांतली शेवटची मादी, मार्था, मेली. पुष्कळ आहेत म्हणून काळजी नको, असं म्हणून चालत नाही.

आपल्या तळ्याभोवती, भगवती देवीच्या देवळाजवळ अजून दाट झाडी आहे. ती राखणं आपल्या हातात आहे. तरव्याच्या भाजावळीसाठी पातेरा गोळा करताना राईतला थोडा तसाच ठेवूया. काजूची नवी लागवड करताना ओहोळाकाठची झाडी तोडू नये, असं घरात सांगूया. ज्यांच्याकडे पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, त्यांनी मोठ्या काचांना पडदे लावावेत. पाचू कवडे वेगाने येऊन काचेवर आपटतात. आणि मुलांच्या हातातली बेचकी काढून घ्यावी. हे पक्षी मारणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या वाडीत कुठला कवडा कुठे दिसला, ते वहीत लिहून आणावं.