उसाच्या फडात जन्मलेली भाषा



आपल्या जिल्ह्यात उसाविषयी कोणीही बोलावे, पण भाषेविषयी बोलायचे म्हटले की लोक पदवी विचारतात. माझ्याजवळ ती नाही. संघटनेच्या कचेरीत रात्री जे वाचता आले, तेवढीच माझी शाळा. परंतु आज ज्या भाषेची हकीकत सांगणार आहे ती उसाच्या फडातच जन्मली, आणि तिच्यात मराठी माणसांचाही घाम मुरला आहे. म्हणून हे धाडस करीत आहे.

मॉरिशस हे हिंदी महासागरातील लहानसे बेट. 1715 साली ते फ्रेंचांनी घेतले आणि आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून मळे उभे केले. 1810 साली इंग्रजांनी ते जिंकले; तरी मळेवाल्यांची, देवळाची आणि शिष्टाचाराची भाषा फ्रेंचच राहिली. 1835 साली तेथील गुलामगिरी संपली. मग ऊस तोडायचा कोणी? तेव्हा हिंदुस्थानातून करारावर मजूर नेऊ लागले. 1834 पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या किनाऱ्यावर उतरली. बहुतेक कलकत्ता व मद्रासहून गेली. मुंबईहून गेलेली त्या मानाने थोडी, आणि त्यांतच रत्नागिरी, सातारा बाजूचे आपले लोक होते.

कराराच्या अटी ऐका. मुदत पाच वर्षांची, पगार आरंभी महिना पाच रुपये, आणि एक दिवस खाडा पडला की दोन दिवसांचा पगार कापला जाई. मजुरांवर देखरेख करणाऱ्याला तेथे 'सरदार' म्हणत. आपल्याकडे बीडहून येणाऱ्या कोयत्याला मुकादम काय असतो हे ठाऊक आहे. त्याला हा सरदार निराळा ओळखून द्यावा लागणार नाही.

आता भाषेकडे येतो. मळ्याचा मालक फ्रेंच बोले. गुलाम मात्र अनेक मुलखांतले. एकाची बोली दुसऱ्याला कळेना. काम तर एकत्र करायचे, दुःखही एकमेकांना सांगायचे. तेव्हा मालकाचे शब्द कानाला पडले तसे उचलून त्यांनी आपली बोली घडविली. ती क्रिओल. फ्रेंच माणूस घराच्या शब्दाआधी 'ला' लावी. मजुराने दोन्ही मिळून एकच शब्द ऐकला आणि घराचे नाव झाले 'लकाज'. तसेच पाण्याचे 'दिलो'. क्रियापदांची लांबलचक रूपे त्याने टाकून दिली: 'मो मान्जे' म्हणजे मी खातो, मध्ये 'ती' घातला की खाल्ले. मालक हिला मोडकी फ्रेंच म्हणे. पण जिला नियम आहेत आणि जिच्यात आई मुलाला निजवते, ती मोडकी कशी?

हा प्रश्न फ्रेंच सत्तेखालच्या इतर बेटांनाही पडला होता. मार्तिनिकच्या एमे सेझेर यांनी 1939 साली दीर्घकाव्य लिहून काळेपणाचा अभिमान मांडला. पुढे 1989 साली त्याच बेटावरील बेर्नाबे, शाम्वाझो आणि कॉन्फियाँ या तिघांनी क्रिओलपणाची बाजू मांडणारे पुस्तक काढले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आम्ही अनेक खंडांच्या मिश्रणातून झालो; हे मिश्रण लपवायचे नाही, त्यातूनच लिहायचे. 1992 साली शाम्वाझो यांच्या कादंबरीला फ्रान्सचे मानाचे गाँकूर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मॉरिशसचे कवी खाल तोराबुली यांनी 'कूली' या शिवीलाच ध्वज करून 'कूलीत्यूद' ही कल्पना आपल्या काव्यसंग्रहातून पुढे आणली. बोटीत कोंबलेल्या मजुरालाही इतिहासात जागा हवी, हे त्यांचे मागणे. मात्र हे बहुतेक लेखन फ्रेंचमध्ये आहे, आणि मळ्यावरचा मजूर ते वाचील असे नव्हे.

मॉरिशसमध्ये आणखी दोन वाटा निघाल्या. अभिमन्यु अनत यांनी हिंदी धरली. 1977 साली त्यांची 'लाल पसीना' ही मजुरांवरील कादंबरी आली. देव विरासामी यांनी क्रिओल धरली. हे गृहस्थ तेलुगू वंशाचे, राजकारणातही उतरलेले. 1972 साली त्यांनी तुरुंग पाहिला. शेक्सपिअरचे वादळावरचे नाटक त्यांनी 1991 साली क्रिओलमध्ये नव्याने रचले आणि नाव ठेवले 'तुफान'. हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. मूळ नाटकातील दास कॅलिबन येथे कुशल तंत्रज्ञ होतो आणि अखेर राज्य त्याच्याकडे येते. कामगाराला याहून काय हवे! तेथे कामगारांना क्रिओलमध्ये लिहावाचायला शिकवणारी एक संघटनाही आहे, 'लेदिकास्यों पू त्राव्हायेर'. म्हणजे कामगारांसाठी शिक्षण. तिने 1985 साली क्रिओलचा कोश छापला. मला हे काम कादंबरीइतकेच मोलाचे वाटते.

मग आपल्या मराठी माणसाचे काय? लोकसंख्येत तो शंभरात दोनच्या आसपास. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' म्हणून अजून नाचतात, मराठी नाटके करतात. परंतु घरात तो क्रिओल बोलतो. 2011 च्या जनगणनेत सुमारे 86 टक्के लोकांनी घरची भाषा क्रिओल सांगितली. आपले लोक त्याला अपवाद नाहीत. 2012 पासून प्राथमिक शाळेत हिंदी, तामीळ, मराठी यांच्या जोडीला क्रिओलही ऐच्छिक विषय म्हणून आली. पोराने पणजोबांची भाषा शिकायची की आईची, हा पेच त्या घरांपुढे खरा आहे.

येथून जाणारे पाहुणे त्यांना उपदेश करतात, 'मराठी विसरू नका.' उपदेश चांगला. मराठी पुस्तके आणि शिक्षक जावेत असे मलाही वाटते. पण त्याच तोंडाने क्रिओलला खिचडी म्हणणे मला मान्य नाही. ज्या भाषेत आपल्या माणसाने तेलुगू, भोजपुरी आणि आफ्रिकी मजुरांशी खांद्याला खांदा लावला, ती त्याची कमाई आहे. मराठी हा वारसा. कमाई टाकून वारसा राखा, असे आपण आपल्या मुलांना सांगतो काय?

आणि हा प्रश्न बेटापुरता नाही. शिरोलीच्या फौंड्रीत आज मराठी, कानडी आणि भोजपुरी माणूस एकाच भट्टीपुढे उभा असतो. त्यांची एक मिश्र बोली झालीच आहे; तिला आपण हसतो. फडातील बीडच्या पोराची बोली ऐकून वर्गात हशा पिकतो. आपल्या कोल्हापुरी बोलीला पुण्यात हसतात तेव्हा मात्र आपल्याला राग येतो!

संघटनेच्या कामातला माझा अनुभव सांगतो. सुरक्षिततेची सूचना शुद्ध भाषेत फळ्यावर लावली तर ती फळ्यावरच राहते; भट्टीवरच्या बोलीत सांगितली तर ती माणसाचा हात वाचवते. म्हणून कारखानदारांना, शिक्षकांना आणि आम्हा पुढाऱ्यांनाही माझी विनंती आहे: पुढच्या हंगामात करारपत्र, हिशेब आणि सूचना कामकऱ्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवा. साहित्य पुढे कोणी लिहील तेव्हा लिहील. हिशेब आधी कळू द्या.