घरच्या मजुरीचा हिशेब
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रब्बी ज्वारीच्या पेरणीबद्दल आपण सविस्तर बोललो. आता थोडा वेळ घरातल्या एका प्रश्नाकडे वळू. आई-वडील थकले, मुलगा किंवा मुलगी कमावती झाली, पैसे द्यायची इच्छाही आहे. पण ते घेत नाहीत. अशा वेळी काय करावे? आपल्या गावागावांतील मुले सुप्याच्या एमआयडीसीत, चाकणला, पुण्याला नोकरीला आहेत. त्यामुळे हा प्रश्न घरोघरी आहे.

माझेच उदाहरण सांगतो. पाथर्डी तालुक्यात आमची सहा एकर जमीन आहे, बहुतेक कोरडवाहू. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. १९७२ च्या दुष्काळात अण्णा विशीत होते. पाझर तलावाच्या कामावर त्यांनी माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. मी नोकरीला लागल्यावर दरमहा तीन हजार रुपये त्यांच्या खात्यावर भरू लागलो. ते म्हणाले, "आरं, मी काय दुष्काळी कामावर हाय का, फुकटचं खायाला?" मी ते हसण्यावारी नेले.

दोन वर्षांनी पासबुक पाहिले. एक रुपयाही काढलेला नव्हता. उलट खताच्या दुकानात उधारी होती आणि रक्तदाबाची गोळी अण्णा एक दिवसाआड घेत होते, पुरवून पुरवून. हे कळले ते विहिरीच्या काठावर त्यांना चक्कर आली तेव्हा. शेजारी जवळ होते म्हणून निभावले.

वर्गात मी उत्पादन खर्च शिकवतो. बियाणे, खत, मशागत यांच्याबरोबर घरच्या माणसांच्या मजुरीचेही मूल्य त्यात धरावे लागते. केंद्र सरकार हमीभाव ठरवतानाही कुटुंबाच्या मजुरीचा विचार करते. फळ्यावर हे दरवर्षी लिहिणाऱ्या मी अण्णांची मजुरी मात्र कधी धरली नव्हती. पेरणी, राखण, वैरण, पाणी, मजुरांवर देखरेख. हे सारे फुकट धरले आणि वर मदत करतो म्हणून मिरवले.

मग वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. म्हटले, "अण्णा, औंदा ज्वारी निम्म्या वाट्याने करू. बी-खताचा खर्च माझा, मेहनत आणि अनुभव तुमचा." अण्णा जरा वेळाने म्हणाले, "कडब्याचं काय? तुझ्याकडं तर जनावर नाही." तेव्हाच मी ओळखले की सौदा जमला. माझ्या वाट्याची ज्वारी मी दरवर्षी घरी आणतो. वाटा सोडून दिला असता, तर ती पुन्हा भीक ठरली असती.

आता अनुभवावरून काही गोष्टी सांगतो.

पहिली : हातात रोख देण्याऐवजी ठरावीक खर्च उचला. सोसायटीचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्र व राज्याच्या सवलतीमुळे व्याज शून्य टक्के पडते. मुदत चुकली की सवलत गेली. तेव्हा ती तारीख तुम्ही सांभाळा. एक रुपयातला पीकविमा २०२५ मध्ये बंद झाला. आता खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. तोही तुम्ही भरू शकता.

दुसरी : औषध महिन्याचे एकदम आणून ठेवा आणि पट्टीतल्या गोळ्या मोजा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कमी करू देऊ नका. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. आधार कार्ड घेऊन हे कार्ड काढून द्या.

तिसरी : आईचा विचार वेगळा करा. वडिलांच्या खात्यातला पैसा तिच्या हाती पोहोचतोच असे नाही. तिचे स्वतःचे खाते असावे. माझ्या आईने पैसे नाकारले, पण शेळी घेतली. करडांचे पैसे तिचे, त्यात कोणी विचारायचे नाही.

चौथी : बहीण-भावांनी उघडपणे बोलून ठरवावे. घरी राहून शेती करणाऱ्या भावाला चोरून काही दिले असे वाटता कामा नये. त्याची आणि भावजयीची मजुरीही त्याच वहीत येते.

पाचवी : मदत केली म्हणून सातबाऱ्यावर नाव लावण्याची घाई करू नका. आई-वडिलांनी जमीन द्यायचे ठरवलेच, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ती अट मोडल्यास प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण हस्तांतर रद्द ठरवू शकते.

मंडळी, अण्णांनी खात्यातले ते जुने पैसे अजूनही काढलेले नाहीत. आता मी तो विषय काढत नाही. खताची उधारी फिटली आहे आणि गोळी रोज घेतली जाते.

आज घरी गेल्यावर खर्चाची वही काढा. त्यात आई-वडिलांच्या कामाचे दिवस लिहा आणि गावातल्या मजुरीच्या दराने गुणा. जो आकडा येईल ते आपले देणे आहे असे समजा, म्हणजे ते देताना मान आपोआप खाली जाईल आणि त्यांना घेताना खाली घालावी लागणार नाही.