निवासी डॉक्टरांचे तास

सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता धावून येतो तो बहुधा निवासी डॉक्टर. एमबीबीएस झालेला, एमडी-एमएस करणारा. १९९२च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग १२ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा आहे. वॉर्डात मात्र सलग ३६ तासांच्या ड्यूटीचंही कुणाला नवल वाटत नाही. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेचा संप झाला की चर्चा विद्यावेतनाचीच होते. पण राउंडला पेशंटसमोर झालेला पाणउतारा थकव्याहून जास्त खचवतो. सीनियरांनी सोसलं म्हणून ज्युनियरांनीही सोसायचं, हा कसला न्याय? महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९चा. पण तक्रार ज्यांच्याविरुद्ध, तक्रारदाराच्या प्रबंधावर सही अनेकदा त्यांचीच लागते. आणि तासांचं म्हणाल, तर २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने आठवड्याला कमाल ७४ तास सुचवले. म्हणजे १९९२पेक्षा २६ तास जास्तच!