ताबा कोणाचा? माणूस, रस्ता आणि स्वयंचलित वाहन



दिवंगत मुख्याध्यापक गुरुजींच्या स्मरणार्थ योजिलेल्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर वा सीमाभागातील मराठीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तथापि आज मी विषय निवडला आहे तो रस्त्याचा. या सभागृहातील बहुतेक विद्यार्थी ज्या रस्त्याशी रोज संबंध ठेवून आहेत, त्या रस्त्यावर माणसाच्या अवधानाचे काय होते आणि यंत्र ते अवधान स्वतःकडे घेऊ लागले म्हणजे काय होईल, याचा विचार आपण करणार आहोत. विषय अभियंत्यांचा वाटला तरी त्याचे एक दार भाषेतून उघडते. त्या दाराने आत जाण्याचा अधिकार आपण मला द्याल, असा विश्वास वाटतो.

मराठी वृत्तपत्र उघडावे. अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने.’ या वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. ताबा ‘सुटतो’, कोणी तो सोडत नाही. अपघात ‘होतो’, कोणी तो घडवीत नाही. आणि तरीही वाक्याच्या आरंभी चालक उभा आहे. म्हणजे व्याकरणाने घटना नियतीवर टाकली आणि दोष मात्र एका माणसाच्या पदरात घातला. ताबा का सुटला, तो ठेवणे त्या वेळी त्या जागी माणसाला शक्य होते काय, हे प्रश्न त्या वाक्यात बसत नाहीत. वाक्य पूर्ण होते आणि चौकशीही तेथेच थांबते.

हे किती मोठ्या प्रमाणावर घडते, ते आकडे सांगतात. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. अतिवेग हे मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण म्हणून नोंदले आहे. परंतु अतिवेग हे कारण आहे की लक्षण? सरळ, रुंद, मोकळा रस्ता आखायचा, आणि मग चालक वेगाने का गेला असे विचारायचे, यात काही विसंगती आहे.

या विसंगतीचा अभ्यास करणारे एक शास्त्र गेल्या शतकात उदयास आले. त्यास ‘मानवी घटकांचे शास्त्र’ म्हणता येईल. त्याची एक मूळकथा दुसऱ्या महायुद्धातील आहे. अमेरिकी बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरत आणि धावपट्टीवरच वैमानिक चाके आत ओढून घेत. विमान पोटावर आदळे. ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडे. आल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, चाकांची आणि पंखांच्या झडपांची कळ एकसारखी व शेजारी-शेजारी बसविलेली होती. त्याने एका कळीला चाकाचा आणि दुसरीला पंखाच्या झडपेचा आकार देण्याचे सुचविले. हाताला स्पर्शानेच भेद कळू लागला आणि त्या चुका थांबल्या. वैमानिक तेच होते, उपदेश कोणी केला नव्हता. बदलली ती कळ. चूक ही चौकशीचा शेवट नसून आरंभ आहे, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अवधानासंबंधीचा आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, हे आपण जाणता. अवधान ही मागून घ्यावी लागणारी, आणि म्हणूनच मर्यादित अशी गोष्ट आहे, हे आपल्या परंपरेस ठाऊक होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ याने तिची मर्यादा मोजली. रडारच्या पडद्यावर शत्रूची पाणबुडी शोधणाऱ्या सैनिकांचे लक्ष का ढळते, हा त्याचा प्रश्न होता. त्याने एक घड्याळ केले. त्याचा काटा एकेक टप्पा पुढे सरके आणि क्वचित दोन टप्प्यांची उडी घेई. ती उडी टिपायची, एवढेच काम. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच सैनिकांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. हे आळशी सैनिक नव्हते. ज्यात क्वचितच काही घडते अशा गोष्टीवर दीर्घकाळ लक्ष ठेवणे, हे मनुष्यस्वभावासच जड जाते.

आपल्याकडील समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्या. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. सिग्नल नाही, चौक नाही, गाव नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ एक खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. या मार्गावरील अपघातांच्या चर्चेत ‘महामार्ग-संमोहन’ ही कल्पना सामान्य मराठी वाचकांपर्यंत पोचली. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनीही तिच्याकडे लक्ष वेधले. डोळे उघडे, हात चक्रावर, आणि मन मात्र निद्रिस्त, अशी ती अवस्था. चालकाला काही करावयास उरले नाही म्हणजे त्याचे अवधान विझते. रस्ता सोपा केला, पण त्यामुळे जागे राहणे अवघड झाले.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा अनुभव याला पूरक आहे. २०१६ साली त्या मार्गावर १५१ माणसे दगावली होती. त्या वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि ‘सेव्ह लाइफ फाउंडेशन’ यांनी एकत्र येऊन प्रत्येक अपघाताच्या जागेची पाहणी आरंभिली. उघडे कठडे, रस्त्यालगतचे खांब, मार्गात उभी राहिलेली नादुरुस्त वाहने अशा दोषांवर उपाय झाले आणि पुढे मृत्यूंची संख्या शंभराच्या आत आली. आजही ती शून्य नाही. परंतु ‘ताबा सुटला’ या वाक्यापाशी न थांबता पुढे गेल्यास जीव वाचतात, एवढे यातून सिद्ध झाले.

आता स्वयंचलनाकडे वळू. चालक चुकतो, तर चालकच नको, हा विचार आकर्षक आहे. वाहन-अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने २०१४ साली स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरविल्या. शून्यावर सर्व काही माणूस करतो, पाचव्या पायरीवर माणूस केवळ प्रवासी असतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ज्या मोटारी पुढील वाहनापासूनचे अंतर आपणच राखतात आणि आपली मार्गिका सोडत नाहीत, त्या बहुधा दुसऱ्या पायरीवर आहेत. येथे चक्र यंत्र फिरविते, परंतु लक्ष माणसाने ठेवावयाचे असते. मॅकवर्थचे घड्याळ आठवा. जे काम माणसाला सर्वांत वाईट जमते, नेमके तेच आपण त्याच्यासाठी शिल्लक ठेवले आहे.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश विदुषीने १९८३ साली स्वयंचलनातील या विपरीततेवर एक छोटा निबंध लिहिला. तिचा युक्तिवाद असा : माणूस भरवशाचा नाही म्हणून रचनाकार त्याला दूर करतो, परंतु जे स्वतःस साधले नाही ते मात्र त्याच्यावरच सोपवितो. शिवाय सराव तुटल्याने माणसाचे कौशल्य झिजते, आणि संकटाच्या क्षणी त्याच झिजलेल्या कौशल्याला हाक मारली जाते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत ८३ मीटर कापते. बेसावध माणसाने तेवढ्यात जागे व्हावे, परिस्थिती ओळखावी आणि ताबा घ्यावा, अशी ही अपेक्षा आहे.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेंपी या गावी उबर कंपनीच्या प्रायोगिक स्वयंचलित मोटारीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला ठार केले. यंत्राने तिला ५.६ सेकंद आधी टिपले होते. पण ही मोटार आहे, सायकल आहे की अन्य काही, याविषयी त्याचे मत पालटत राहिले. ठरावीक जागा सोडून माणूस रस्ता ओलांडील, ही शक्यताच त्याच्या रचनेत धरली नव्हती, असे सरकारी चौकशीत आढळले. देखरेखीसाठी आत बसलेल्या व्यक्तीची नजर भ्रमणध्वनीवर होती. फौजदारी खटला त्या व्यक्तीवर चालला. कंपनीवर फौजदारी उत्तरदायित्व येत नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच ठरविले होते. त्या व्यक्तीचे दुर्लक्ष क्षम्य होते असे माझे म्हणणे नाही. मात्र ताबा यंत्राकडे गेला तरी ‘ताबा सुटला’ हे वाक्य पुन्हा माणसाच्याच नावे लिहिले गेले, हे ध्यानी घ्यावे.

हे सारे आपल्यापासून दूर आहे, असे मानू नका. सस्तापूर बंगल्याजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५, पूर्वीचा क्रमांक ९, पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगामार्गे आपल्याकडे येतो आणि हुमनाबाद, झहिराबाद करीत हैदराबादकडे जातो. त्याच वाटेवर संगारेड्डीजवळ कंदी येथे हैदराबादच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘तिहान’ हे चालकविरहित वाहनांचे चाचणी-केंद्र ४ जुलै २०२२ रोजी सुरू झाले. म्हणजे भविष्यातील वाहन आपल्याच रस्त्याच्या एका टोकाला चालावयास शिकत आहे. प्रश्न असा की, त्याला आपला रस्ता कोण शिकविणार?

आपला रस्ता म्हणजे काय? गाळपाच्या हंगामात रात्री उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, ज्याच्या मागे दिवा तर नाहीच, चकाकणारी पट्टीही नाही. कोजागिरीच्या सुमारास अनवाणी पायांनी तुळजापुराकडे निघालेले भक्तांचे जथे. दुभाजकाच्या फटीतून पलीकडच्या शेतात जाणारी म्हैस आणि तिच्यामागे धावणारे पोर. ठरावीक जागी रस्ता ओलांडणारा माणूस हा येथे नियम नसून अपवाद आहे. टेंपीच्या यंत्राला एक सायकल ओळखता आली नाही. तेव्हा उसाची ट्रॉली आणि पालखी ओळखल्याची खात्री पटेपर्यंत येथे कोणत्याही यंत्रावर विसंबणे धोक्याचे ठरेल.

मी यंत्राचा विरोधक नाही. १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारा ब्रेक एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला, हे उत्तमच झाले. माणसाची घाबरट पकड तो सावरून घेतो आणि ताबा माणसाकडेच ठेवतो. परंतु यंत्र आणि माणूस यांचे नाते जुळले नाही तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. पट्टा बांधण्याची आठवण देणारा गजर मोटारीत आला, आणि बाजारात तो गजर बंद करणाऱ्या क्लिपा आल्या. शेवटी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास त्यांची विक्री थांबविण्याचे आदेश पाच कंपन्यांना द्यावे लागले. ज्या आवाजाचा अर्थ मनाला पटलेला नाही, तो आवाज माणूस दाबून टाकतो. तो अर्थ पटविणे हे शाळेचे काम आहे.

बाराव्या शतकात याच कल्याणनगरीत महात्मा बसवेश्वरांनी कायकाचा विचार मांडला. श्रमाला त्यांनी पूजेची प्रतिष्ठा दिली. चालकाचे काम हेही कायकच आहे. जे काम माणसाच्या हातून काढून घेतले त्याचा दोष मात्र त्याच्या माथी ठेवला, तर ती कायकाची विटंबना होय. ताबा ज्याचा, उत्तरदायित्वही त्याचेच, मग तो चालक असो, रस्ता आखणारा असो वा यंत्र घडविणारा.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने मी तीन गोष्टी मागतो. सुगीपूर्वी शाळेने कारखान्यांना आणि ट्रॅक्टरमालकांना विनंती करावी, की एकही ट्रॉली चकाकणाऱ्या पट्टीवाचून रस्त्यावर येऊ नये. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर राहून, सस्तापूर फाट्यावर कोणत्या जागी, कोणत्या वेळी अपघात थोडक्यात टळतात याची नोंद वर्षभर ठेवावी आणि ती महामार्गाच्या अधिकाऱ्यांपुढे कन्नड व मराठी या दोन्ही भाषांत मांडावी. आणि तिसरी गोष्ट भाषेची : ‘ताबा सुटला’ असे वाचाल, तेव्हा तेथे पूर्णविराम देऊ नका. ‘का?’ हा एक शब्द पुढे लिहा. गुरुजींच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन मला सुचत नाही.