सावकारी पाश आणि उचल



पैशाचा हव्यास कादंबरीतून पडद्यावर कसा उतरतो, हा आजचा विषय. जगात या बाबतीत ज्याचं नाव आधी निघतं तो ‘ग्रीड’. एरिक फॉन स्ट्रोहाइम यांनी फ्रँक नॉरिस यांच्या १८९९ च्या ‘मॅकटीग’ या कादंबरीवरून तो १९२४ मध्ये केला. सॅन फ्रान्सिस्कोत दात काढणारा एक माणूस, त्याची बायको ट्रिना. तिला पाच हजार डॉलरची लॉटरी लागते आणि घराची वाताहत सुरू होते. नवऱ्याचा धंदा बसतो, घरात धड जेवण उरत नाही, तरी ती त्या पैशाला हात लावत नाही. सोन्याची नाणी घासूनपुसून लखलखीत करते, अंथरुणावर पसरते आणि त्यांच्यावर झोपते. नवरा तिचा खून करून नाणी घेऊन पळतो. शेवट डेथ व्हॅलीच्या वाळवंटात होतो. पाणी संपलेलं, सोनं हाताशी, आणि मनगटाला बेडीनं अडकलेलं, त्याच सोन्यामागे आलेल्या दुसऱ्या माणसाचं प्रेत. हे प्रसंग स्ट्रोहाइमनी भर उन्हाळ्यात, खऱ्या वाळवंटात जाऊन चित्रित केले. कृष्णधवल पटात सोनं पिवळं दिसावं म्हणून फिल्मवर रंग चढवला. कादंबरीतलं काही सुटू नये या हट्टापायी पहिली प्रत आठ तासांच्या आसपास गेली. स्टुडिओनं ती कापून अडीच तासांच्या आत आणली आणि कापलेला भाग कायमचा गेला.

हा थोर चित्रपट आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यातला हव्यास एका बाईच्या डोक्यात शिरतो, तिथून दोन पुरुषांच्या, आणि ती माणसं संपली की तोही संपतो. आपल्या मुलखात हव्यास माणसात कमी आणि कागदात जास्त राहतो. सावकार मेला तरी त्याची वही मरत नाही. हे पडद्यावर दाखवायचं तर कॅमेरा तिजोरीकडे लावून भागत नाही, अंगठा उठवणाऱ्याकडे लावावा लागतो.

तो तसा लावणारा माणूस महाराष्ट्रात होता, आणि तोही ‘ग्रीड’च्या पुढच्याच वर्षी. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. कथा नारायण हरी आपटे यांची. (‘पण लक्षात कोण घेतो’वाले हरिभाऊ आपटे ते वेगळे. हे नारायणराव म्हणजे ज्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून पुढे १९३७ मध्ये ‘कुंकू’ झाला ते.) तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं. सावकाराच्या कर्जात जमीन जाते, शेतकरी शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. बस, एवढीच गोष्ट. ज्या काळात पडद्यावर देव आणि राक्षस होते, त्या काळात पेंटरांनी तिथे झोपडी आणली. अंधारी झोपडी आणि विव्हळणारं कुत्रं असं त्यातलं दुरून टिपलेलं एक दृश्य चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडियांना अनेक वर्षांनीही आठवत होतं. मला यात पेंटरांची मोठी समज दिसते. सावकार किती दुष्ट आहे हे ओरडून सांगण्यापेक्षा, घेणाऱ्याच्या दारात रात्र कशी असते ते त्यांनी दाखवलं.

कागदाची ही ताकद लोकांना सिनेमाच्या आधीपासून ठाऊक होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा उसळला आणि नगर जिल्ह्यात पसरला, आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टीच्या पलीकडे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. माणसांच्या जिवावर ते सहसा उठले नाहीत. वैर कशाशी आहे, हे त्यांना नेमकं कळलेलं होतं. त्यावर १८७९ मध्ये इंग्रजांना दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा सीमेपलीकडेच राहिला.

आता आपल्या घरात येऊ. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते आणि फेडायला दोघं लागतात. टनामागे दर ठरलेला. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे वळते होतात. हंगाम संपेपर्यंत फिटलं नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. मुकादमही वरून कारखान्याच्या पैशाला बांधलेला असतो. या साखळीत ट्रिनासारखं नाण्यांवर झोपणारं कुणी दिसत नाही, म्हणून ती दाखवणं अवघड.

मुकादमाची वही कुठपर्यंत पोचते, हे २०१९ मध्ये साऱ्या देशानं ऐकलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळी आली, कंबर धरली, ताप भरला, म्हणजे खाडा. खाड्याच्या धाकानं दुखणं अंगावर काढलं जातं. त्यात कोपीपाशी ना न्हाणीघर, ना संडास, आणि रात्री-अपरात्री गाडी आली की भरायला उठायचं. शस्त्रक्रियेची घाई करणारे डॉक्टर या गोष्टीत येतात, पण त्यांच्यापर्यंत ती बाई कोणत्या हिशेबानं पोचली, हे आधी विचारलं पाहिजे.

मला पाहायचा आहे तो चित्रपट या हिशेबाचा. त्यात खलनायक शोधण्याची घाई नको. एका जोडप्याची उचल घेतल्यापासून बाकी काढेपर्यंतची सहा महिन्यांची कथा पुरे. मोळी बांधणं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणं, पहाटेची चूल, मागे आजीपाशी ठेवलेलं पोर, आणि शेवटी वही उघडून केलेली बेरीज-वजाबाकी. स्ट्रोहाइमनी खऱ्या वाळवंटात जाण्याचा जो हट्ट धरला, तो इथे खऱ्या फडात जाण्यासाठी धरावा. वहीत बाईचं नाव कुठे लिहिलंय, हे कॅमेऱ्यानं नीट जवळून पाहावं.

असलं कोण बघणार, असं निर्माता म्हणेल. १९२५ मध्येही ‘सावकारी पाश’वर लोकांच्या उड्या पडल्या नाहीत, त्यांना पौराणिक पटच हवे होते. पेंटरांनी म्हणून विषय टाकला नाही. ११ वर्षांनी, १९३६ मध्ये, त्यांनी तीच कथा बोलपट म्हणून पुन्हा उभी केली. आपल्याकडचं काम त्या मानानं सोपं आहे. कारखान्यांचे पट्टे पडलेत, टोळ्या परतल्या आहेत, आणि हा हिशेब तोंडपाठ असलेल्या बाया दसऱ्यापर्यंत गावातच आहेत. सभागृहात लिहिणारी तरुण मंडळी बसलेली दिसतात. त्यांनी या उन्हाळ्यातच या बायांकडे जावं, अशी माझी विनंती आहे.