डिशवॉशर कुठे ठेवायचा? चेन्नईच्या स्वयंपाकघरातून काही हिशेब



आजचा विषय अगदी घरगुती आहे. चेन्नईत नवीन फ्लॅट घेतलेली, नाहीतर जुना फ्लॅट नव्याने करायला काढलेली मराठी कुटुंबं मला एक प्रश्न हमखास विचारतात: "डिशवॉशर घ्यायचा ठरलंय. पण तो ठेवायचा कुठे?" बहुतेक वेळा हा प्रश्न येतो तेव्हा ओटा झालेला असतो, टाइल्स बसलेल्या असतात आणि सुतार कपाटांची मापं घेऊन गेलेला असतो. म्हणून आज आपण हा विचार उलट्या बाजूने करू. आधी यंत्राची जागा आणि मग ओटा. मी उदाहरणं चेन्नईची देणार आहे, पण तुम्ही इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, पुणे, कुठेही असलात तरी हिशेब तोच लागू होतो.

सुरुवात मापांपासून करू. पूर्ण आकाराचा डिशवॉशर साधारण ६० सेंटीमीटर रुंद, ६० सेंटीमीटर खोल आणि ८२ ते ८५ सेंटीमीटर उंच असतो. एक बारीक प्रकार ४५ सेंटीमीटर रुंदीचाही मिळतो. आता आपला ओटा घ्या. जमिनीपासून ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटीमीटर. ऐकायला पुरेसा वाटतो. पण वरचा ग्रॅनाइट दोन सेंटीमीटर, त्याखाली आधाराला कडाप्पा तीन-चार सेंटीमीटर. खाली उरले ८० सेंटीमीटर. यंत्र ८२ चं. दोन सेंटीमीटरसाठी ते आत जात नाही! आणि ३२ इंची जुना ओटा असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून ओटा घालायच्या आधी गवंड्याला एकच आकडा द्या: दगडाच्या खालच्या कडेपासून तयार फरशीपर्यंत किमान ८३ सेंटीमीटर मोकळे हवेत. "तयार फरशी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. टाइल बसायच्या आधी मोजलं तर पुन्हा चार-पाच सेंटीमीटर कमी होतात.

दुसरं माप दाराचं. हे दार खाली उघडतं आणि पुढे जवळपास ६० सेंटीमीटर येतं. म्हणजे भिंतीपासून एकूण १२० सेंटीमीटर जागा गेली. चेन्नईतल्या अनेक फ्लॅटमध्ये समोरासमोर दोन ओटे असतात आणि मधली वाट ९० ते १०० सेंटीमीटरची. दार उघडलं की उरते एक वीत-दीड वीत. भांडी लावणारा माणूस एका बाजूला अडकतो, कुकर उतरवणारा दुसऱ्या बाजूला. अशा घरात यंत्र वाटेच्या मध्यात नको, टोकाला हवं. म्हणजे दार उघडं असतानाही चुलीपर्यंत ये-जा चालू राहते.

एल आकाराच्या ओट्यात वेगळी गंमत होते. सिंक कोपऱ्याजवळ आणि यंत्र त्याच कोपऱ्याच्या दुसऱ्या बाजूला असेल, तर दार उघडल्यावर सिंकसमोर उभं राहायलाच जागा नसते. खरकटं काढायचं तर सिंकपाशी उभं राहायला हवं, आणि भांडं ठेवायचं तर दार उघडं हवं. दोन्ही एकदम जमत नाही. त्यामुळे यंत्र सिंकच्याच रांगेत, लगेच शेजारी ठेवा. डावीकडे की उजवीकडे? नियम सांगण्यापेक्षा करून बघा. रिकाम्या सिंकपाशी उभं राहा, हातात ताट घ्या, खरकटं काढा आणि कुठल्या बाजूला सहज वाकता ते पाहा. घरात भांडी जास्त कोण लावणार, त्याच्या हाताची सवय मोजायची.

हा पावलं मोजण्याचा विचार जुना आहे. १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. रुंदी जेमतेम १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. रेल्वेच्या खानपान डब्यात एवढ्याशा जागेत इतकं जेवण कसं तयार होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. भांडी धुणं, निथळणं आणि जागेवर ठेवणं हे सगळं हाताच्या अंतरावर असावं, हा त्यांचा आग्रह होता. आपल्यासाठी अर्थ एवढाच, की धुतलेल्या ताटवाट्यांची मांडणी किंवा ड्रॉवरही यंत्रापासून दोन पावलांतच हवा. नाहीतर रोज सकाळी डबल फेऱ्या.

आता पाणी. चेन्नईत या विषयावर बोलायचं तर २०१९ आठवायलाच हवं. त्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेच्या ५० वाघिणींतून २५ लाख लिटर पाणी शहरात आणलं गेलं. त्या दिवसांत लोक टँकरची वाट बघत रात्री जागायचे. म्हणून इथे डिशवॉशर म्हटलं की शेजारची आजी पहिल्यांदा विचारते, "पाणी किती लागतं?"

उत्तर असं: एका फेरीला साधारण ९ ते १५ लिटर. नळ मोकळा सोडला तर मिनिटाला सहा-आठ लिटर सहज जातात. दहा मिनिटं भांडी घासली तर ६० लिटरच्या पुढे. पण बादलीत पाणी घेऊन, मगाने विसळून कुणी भांडी घासत असेल, तर ती व्यक्ती यंत्राच्या बरोबरीला येऊ शकते. तेव्हा यंत्र पाणी वाचवतं हे वाक्य खरं, पण यंत्र पूर्ण भरून चालवलं आणि आधी प्रत्येक ताट नळाखाली धुतलं नाही, तरच. खरकटं चमच्याने काढा, धुवू नका.

पाण्याचा दुसरा भाग जडपणाचा. चेन्नईतल्या एका इमारतीत मेट्रो वॉटर, बोअरवेल आणि टँकर ही तिन्ही पाणी एकाच संपमध्ये येऊ शकतात. ऋतू बदलला की मिश्रण बदलतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी याच्याही वर जाऊ शकतं. डिशवॉशरमध्ये पाणी मृदू करणारा भाग असतो, त्याला खास मीठ लागतं. अनेक यंत्रांत तो सुमारे ८९० मिलिग्रॅमपर्यंत काम करतो. जर्मन मापात ते ५० अंश. त्यामुळे वर्षातून एकदा नाही, तर पाण्याचा स्रोत बदलेल तेव्हा तपासपट्टीने जडपणा पाहा आणि यंत्रातला आकडा बदला. ग्लासवर पांढरी झाक आली की लोक साबणाला दोष देतात, आणि मिठाची टाकी रिकामी असते. आणि एक गोष्ट मुळीच करू नका: आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी यंत्राला जोडू नका. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा.

तिसरा भाग दाबाचा. पाण्याची टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तर सुमारे एक बार दाब मिळतो. यंत्राला किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. खालच्या मजल्यांना अडचण नाही. पण तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल, तर टाकी डोक्यावर तीनच मीटर. तिथे छोटा प्रेशर पंप लागू शकतो, आणि पंपाची जागा, वायर हे सगळं आधी ठरवावं लागतं.

जोडण्या लिहून घ्या. यंत्रासाठी स्वतंत्र तोटी. सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट, कारण आतला हीटर दोन हजार वॉटच्या आसपास घेतो. वेट ग्राइंडर किंवा मायक्रोवेव्ह त्याच सॉकेटवर नको. हा सॉकेट यंत्राच्या मागे नको, शेजारच्या कपाटात हवा. मागे असेल तर बंद करायला यंत्र बाहेर ओढावं लागतं. सांडपाण्याची नळी सिंकखालच्या पाइपला जोडा आणि वाटेत ती ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत उंच उचलून मग खाली आणा. ती नुसती जमिनीवरच्या जाळीत सोडली तर घाण पाणी मागे येतं, झुरळंही येतात. गॅसच्या शेगडीखाली आणि सिलिंडरच्या शेजारी यंत्र नको. फेरी संपल्यावर वाफ निघते, त्यामुळे शेजारचं प्लायवूड आयएस ७१० दर्जाचं घ्या आणि कडा नीट बंद करा. चेन्नईच्या दमट हवेत उघडी कड दोन पावसाळ्यांत फुगते.

आता खरा वाद. चेन्नईतला बिल्डर नकाशात डिशवॉशर दाखवतो तो युटिलिटीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या छोट्या बाल्कनीत. वॉशिंग मशीनच्या शेजारी. तिथे नळ आहे, निचरा आहे, जागा आहे. सोयीचं दिसतं.

या जागेमागे एक जुनी गोष्ट आहे. आपल्याकडे खरकटं-उष्टं असतं, तसं तमिळ घरांत पत्तू आणि एच्चिल असतं. शिजलेल्या अन्नाचा हात लागलेलं भांडं स्वयंपाकाच्या जागेपासून दूर, आपल्याकडे मोरीत किंवा परसदारी, इथे मागच्या अंगणात जायचं. युटिलिटी म्हणजे ते मागचं अंगणच, पाचव्या मजल्यावर आलेलं. तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून तमिळनाडूत राहिलेल्या मराठी घरांनाही ही रीत परकी वाटणार नाही.

कुणाच्या श्रद्धेवर मी बोलत नाही. ज्यांना ती पाळायची आहे त्यांनी जरूर पाळावी. पण परिणाम पाहून निर्णय घ्या. भांडी मागे गेली की ती धुणारी व्यक्तीही मागे जाते. पूर्वी ती घरची सून असायची, नंतर कामाला येणाऱ्या मावशी, इथे अक्का. यंत्र युटिलिटीत गेलं तर जेवण झाल्यावर मुलगा ताट उचलून बाल्कनीत जाऊन, वाकून लावेल का? बहुतेक घरांत ताट सिंकमध्ये पडतं, आणि सिंकपासून यंत्रापर्यंत ते कुणी न्यायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेच यंत्र टेबलावरून उठल्यावर वाटेत, सिंकशेजारी असेल तर प्रत्येकाने आपापलं ताट लावणं ही दोन सेकंदांची गोष्ट होते. पन्नास हजारांचं यंत्र घेऊनही काम एकाच माणसाकडे राहणार असेल, तर आपण काय विकत घेतलं?

युटिलिटीच्या विरोधात हवामानही आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर इथला मुख्य पाऊस, वाऱ्यासकट आडवा येणारा. समुद्राकाठच्या भागात खारी हवा पत्रा आणि जोड खाते. फरशी निचऱ्यासाठी उतरती असते, त्यावर यंत्र समपातळीत बसवणं कठीण जातं. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चं मिचाँग वादळ ज्यांनी तळमजल्यावर पाहिलं, त्यांना सांगायला नकोच. तरीही जागा तीच असेल, तर खिडकी बंद होणारी हवी, यंत्राखाली पक्का चौथरा हवा आणि सॉकेट उंच हवा.

चौथऱ्यावरून आणखी एक आठवलं. घरात गुडघेदुखी असलेली आई किंवा सासरे असतील, तर स्वयंपाकघरातही यंत्र ३० ते ४० सेंटीमीटर उचलून उंच कपाटात बसवता येतं. खालची जाळी मग मांडीच्या उंचीवर येते. वरची ओट्याची जागा जाते हे खरं, म्हणून ते रांगेच्या टोकाला बसवा.

भाड्याच्या घरात असाल तर फोडाफोड नको. ओट्यावर ठेवायचं छोटं यंत्र सिंकच्या तोटीला टी-जोड लावून चालतं, आणि घर बदललं की बरोबर नेता येतं.

आणि सगळी भांडी यंत्रात जात नाहीत, हे धरूनच सिंक मोठं ठेवा. स्टीलची, म्हणजे इथल्या भाषेत एव्हरसिल्व्हरची ताटं, वाट्या, डबे, पेले उत्तम निघतात. लोखंडी तवा, बिडाची कढई, पितळ, तांबं, लाकडी पोळपाट, रसमचं कथलाचं ईय चोंबू आणि दगडी कलचट्टी हातानेच घासायची. म्हणजे अक्कांचं काम संपत नाही, हलकं होतं. त्यांचे पैसे कमी करायचा विचार मनात असेल तर तो आधी त्यांच्याशी बोला. यंत्र लावणं-काढणं हेही काम आहे.

शेवटी एक करा. सुताराला बोलवायच्या आधी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने ६० बाय ६० चा चौकोन आखा, त्यापुढे दाराचा दुसरा चौकोन आखा. मग एक दिवस नेहमीसारखा स्वयंपाक करा आणि घरातल्या प्रत्येकाला जेवण झाल्यावर आपलं ताट त्या चौकोनापर्यंत न्यायला सांगा. कोण सहज जातं, कोण कुणाला अडवतं, हे संध्याकाळपर्यंत कळेल. जागा तिथेच ठरेल.

तुमच्या स्वयंपाकघराची मापं आणि प्रश्न जरूर कळवा.